चावी माझी, पॉलिसी काकांची!

गाडी माझी. चावी माझी. आरसीवर नावही माझंच. पौड रस्त्यावरच्या डिव्हायडरवर नाक ठेवून बसलेली पांढरी अल्टो, तीही अर्थातच माझी. फक्त एक गोष्ट माझी नव्हती... इन्शुरन्स!

तारीख ३ जुलै २०२५, गुरुवार. संध्याकाळचे साडेसात. चांदणी चौकाकडून कोथरूडला उतरत होते. रिमझिम पाऊस, ओला रस्ता, पुढे एक स्कूटरवाले काका. काकांनी हात-बित न दाखवता उजवीकडे वळायचं ठरवलं आणि मी ब्रेकवर उभीच राहिले. काका वाचले. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही! मी मात्र घसरत जाऊन डिव्हायडरला भिडले. बंपर गेला, एक हेडलाइट फुटला, बॉनेटचा तंबू झाला आणि रेडिएटरमधून वाफा यायला लागल्या. मला खरचटलंही नाही. हात थरथरत होते, पण डोक्यात पहिला विचार आला तो असा : चला, इन्शुरन्स आहे!

नव्हता, मंडळी. म्हणजे होता... पण माझा नव्हता. ही त्याचीच गोष्ट.

चारचाकीचं खूळ

फ्रीलान्सर माणसाने गाडी घ्यावी का, हा आमच्या घरी सहा महिने चाललेला परिसंवाद. मास कॉम करताना घेतलेल्या स्कूटीवर मी इतकी वर्षं निभावून नेलं. पण असाइनमेंट एकदा हिंजवडीला, एकदा तळेगावला, लॅपटॉप पाठीवर आणि जूनचा पाऊस डोक्यावर. सांगलीहून आई रोज फोनवर एकच सांगायची, ‘पावसात हायवेवर स्कूटी नको गं.’ तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हाच डायलॉग ऐकू येत असणार.

मार्चमध्ये लर्निंग लायसन्स काढलं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मी मे महिन्यात नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर टेस्ट दिली आणि पास झाले. (रिव्हर्सला दोनदा गाडी बंद पडली, पण तो विषय आपण इथेच सोडू.) एक सांगते, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला गाडी येते असं जे वाटतं ना, ते सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो म्हणून. पहिल्यांदा एकटं बसल्यावर डावी सीट रिकामी दिसते आणि पोटात गोळा येतो.

बजेट दोन लाख. नवी गाडी बघितली नाही असं नाही. पण तेव्हा छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी व्हायचा होता. २८ टक्के अधिक सेसवरून तो १८ टक्क्यांवर आला २२ सप्टेंबर २०२५ ला. माझं नशीब! शिवाय नव्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून तसा नियमच आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी खिशाला भोक. आणि मुख्य म्हणजे, पहिली गाडी ठोकली जाणारच, हे मला माहीत होतं. मग ती कुणीतरी आधीच थोडीशी ठोकलेली का नसावी?

सीट बेल्ट ओढून बघा!

चार वीकेंड, अकरा गाड्या. या बाबतीत माझा गुरू म्हणजे रूममेटचे मामा. नाना पेठेत त्यांनी तीस वर्षं स्पेअर पार्ट्सचा धंदा केलाय. त्यांचा पहिला फंडा : गाडी बघायला सकाळी जायचं आणि आधीच फोन करून सांगायचं, ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका.’ थंड इंजिन खोटं बोलत नाही. आम्ही पोचलो आणि बॉनेट गरम लागलं, तर मामा चहा न घेताच परत फिरायचे.

दुसरा फंडा सीट बेल्टचा. पट्टा पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी संपेपर्यंत. विकणारा माणूस सीट धुतो, कारपेट बदलतो, अत्तराची बाटली लटकवतो, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला लागलेला गाळ बहुतेक वेळा तसाच राहतो. पुण्यात हे बघावंच लागतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागात पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. यातल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या असतील असं समजायला आपण काही दुधखुळे नाही. आम्हाला एक गाडी अशी सापडलीसुद्धा. वाकडची चकचकीत लाल हॅचबॅक, ‘सिंगल ओनर, लेडी ड्रिव्हन’. पट्टा ओढला तर टोकाला मातीची रेघ. मामांनी काही न बोलता पट्टा परत सोडला.

टायरचं वय टायरवरच लिहिलेलं असतं, हेही मला तेव्हाच कळलं. बाजूला चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालातला तेविसावा आठवडा. ‘टायर नवीन टाकलेत’ म्हणणाऱ्याला नुसतं वाकून दाखवायचं. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवायचा. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा आहे का, ते बघायचं. ई-चलनंही तपासायची. एका ‘फॅमिली यूज’वाल्या गाडीच्या नावावर एकोणीस चलनं निघाली. फॅमिली बरीच घाईत असावी.

आणि एक गोष्ट मनावर घ्या. जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या स्वस्तातल्या बेसिक मॉडेलमध्ये बहुधा दोन्ही नसतात. माझ्या गाडीत नाहीत. हा सौदा मी डोळे उघडे ठेवून केला, पण आज पुन्हा घ्यायची झाली तर पन्नास हजार जास्त जमवून २०१९ नंतरची घेईन. डिव्हायडर हळू लागला म्हणून हे लिहायला मी इथे आहे.

शेवटी बिबवेवाडीच्या एका रिटायर्ड काकांची अल्टो के१० मिळाली. २०१५ ची, एक्केचाळीस हजार किलोमीटर, सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल तारखेनुसार लावलेली. मोतीबिंदूनंतर रात्री दिसायला त्रास होतो म्हणून काकांनी गाडी चालवणं सोडलं होतं. पॉलिसीवर नो क्लेम बोनस पन्नास टक्के. याचा अर्थ सलग किमान पाच वर्षं एकही क्लेम नाही. मामा म्हणाले, ‘हा रकाना आधी बघायचा. विकणारा बोलतो ते वेगळं आणि हा रकाना बोलतो ते वेगळं.’ जुनी गाडी आणि बोनस शून्य असेल तर का, ते विचारा. क्लेम झालेला असू शकतो, किंवा पॉलिसी मध्येच नव्वद दिवसांहून जास्त बंद पडलेली असू शकते.

एक लाख नव्वद हजारांना सौदा झाला. ७ जूनला चावी हातात. काकूंनी गाडीवरून नारळ ओवाळला. मी फुल्टू भावुक.

पॉलिसी म्हणजे स्टेपनी नव्हे

आता चूक कुठे झाली ते सांगते. हे माझं एकटीचंच अज्ञान नाही. त्यानंतर ऑफिसवाल्या दहा मित्रांना विचारलं, आठ जणांचं उत्तर माझ्यासारखंच आलं.

माझा आतेभाऊ लंडनजवळ राहतो. तिकडे नवशिक्या पोरांचा इन्शुरन्स म्हणजे दरोडा असतो. कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा वर्षाचा हप्ता मोठा. गाडी कशी चालवतो ते नोंदवणारी डबी बसवून घेतली तर जरा कमी. त्यामुळे मीही घाबरून होते. पण आपल्याकडे गंमत वेगळी आहे. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७, जीएसटी वेगळा. माझी गाडी ९९८ सीसीची, दोन सीसींनी वाचले! स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, तो गाडीचं वय, सीसी, तिची ठरवलेली किंमत म्हणजे आयडीव्ही आणि नोंदणीचं शहर यांवर निघतो. मुंबई-पुण्याच्या गाडीला सांगलीच्या गाडीपेक्षा जास्त. यात माझ्याबद्दल काय विचारलं? जवळपास काही नाही. ‘तुम्हाला रिव्हर्स येतो का’ असा रकानाच नाही.

आणि इथेच माझ्या डोक्यात गोंधळ झाला. हप्ता गाडी बघून ठरतो, तर विमाही गाडीचाच असणार. स्टेपनी आणि जॅक जसे गाडीबरोबर येतात तसा तोही येणार. काकांची पॉलिसी पुढच्या मार्चपर्यंत होती. कागदपत्रं करणारा एजंट म्हणाला, ‘इन्शुरन्स चालू आहे ताई, टेन्शन नाही.’ चालू होताच की! त्याने फॉर्म २९, फॉर्म ३० भरले, आरटीओचं काम केलं, पैसे घेतले. मध्ये पालखी आली, मी स्टोरीसाठी चार दिवस वारकऱ्यांच्या मागे. नवं आरसी हातात पडलं तेव्हा मी स्टेटस टाकून मोकळी झाले.

पॉलिसीकडे कुणीच बघितलं नाही. मीही नाही.

‘मॅडम, हे गृहस्थ कोण?’

अपघातानंतर गॅरेजमध्ये कंपनीचा सर्व्हेअर आला. सभ्य माणूस. त्याने फोटो काढले, आरसी बघितलं, पॉलिसी बघितली, पुन्हा आरसी बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, पॉलिसीवरचे हे गृहस्थ कोण?’

‘आधीचे मालक.’

‘गाडी कधी घेतलीत?’

‘७ जूनला.’

त्याने मनातल्या मनात दिवस मोजले. मला त्याच्या चेहऱ्यावरच कळलं.

नियम असा आहे. गाडी विकल्यावर पॉलिसीतला थर्ड पार्टीचा भाग मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार आपोआप नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. ओन डॅमेजचा भाग जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हा फरक स्पष्ट केलाय. विमा हा कंपनी आणि एका माणसामधला करार. काका आता मालक नाहीत, त्यामुळे गाडी फुटली तरी त्यांचं नुकसान नाही. नुकसान माझं, पण माझा करार नाही. माझा अपघात सव्विसाव्या दिवशी झाला.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं. मी चिडून विमा लोकपालांकडे जायचं ठरवलं (त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे), त्यासाठी सगळे नियम वाचले, आणि वाचून झाल्यावर गप्प बसले. कंपनीचं चुकलं नव्हतं.

बिल झालं ३४,६०० रुपये. आणि नाव बदलायला मला खर्च किती आला असता? किरकोळ फी आणि बोनसचा फरक. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. काकांना मिळालेली पन्नास टक्के सूट मला लागू नाही, म्हणून उरलेल्या महिन्यांपुरता फरक मी भरायचा. माझ्या बाबतीत तो हजार रुपयांच्या आसपास निघाला असता. काकांना मात्र तो बोनस कंपनीकडून लिहून घेऊन तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला वापरता येतो. पण ते आता गाडी घेणार नाहीत. पन्नास टक्के बोनस, आणि वापरणारं कुणी नाही!

खरं सांगायचं तर पॉलिसी माझ्या नावावर असती तरी सगळे चौतीस हजार परत आले नसते. प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्ट्सवर सरळ पन्नास टक्के घसारा. धातूच्या पार्ट्सवर गाडीच्या वयानुसार, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला चाळीस टक्के. फक्त काचेला घसारा नाही. वर पहिले हजार रुपये आपले. ‘झिरो डेप’ नावाचं कव्हर हे टाळतं, पण दहा वर्षांच्या गाडीला ते सहसा मिळत नाही. मेकॅनिकने कागदावर मांडून दाखवलं, मला साधारण अठरा हजार मिळाले असते.

मग जुन्या स्वस्त गाडीला ओन डॅमेज घ्यावंच कशाला, असं माझा एक आयटीवाला मित्र म्हणतो. थर्ड पार्टी घ्या, ते कायद्याने सक्तीचंच आहे, आणि बाकी बँकेत ठेवा. त्याचं गणित चूक नाही. पण तो बारा वर्षं गाडी चालवतोय. नवशिक्याने पहिली दोन वर्षं तरी घ्यावं असं माझं मत. चोरी आणि पूर यांना घसारा लावून अर्धा बंपर मिळत नाही, गाडीच जाते. पुराचं एक लक्षात ठेवा, गाडी पाण्यात उभी असेल तर स्टार्टर मारायचा नाही. पाणी शिरलेलं इंजिन फिरवून फोडलं तर साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत. टो करूनच न्यायची.

स्कूटरवाले काका

या सगळ्यात मला रात्री झोप लागू दिली नाही ती गोष्ट पैशांची नाही. ते स्कूटरवाले काका अर्ध्या सेकंदाने चुकले असते तर? मी कायदा त्यासाठीही वाचला. त्यांची भरपाई विमा कंपनीलाच द्यावी लागली असती. थर्ड पार्टीत मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची आहे. कलम १५७ ने त्यांना सांभाळलं असतं. पण तेव्हा माझ्याकडे लायसन्स नसतं, तर? तर कंपनीने त्यांना पैसे देऊन नंतर ते माझ्याकडून वसूल केले असते. आयुष्यभर.

आणि मीच जायबंदी झाले असते तर? मालक-चालकाचं पंधरा लाखांचं सक्तीचं अपघात कव्हर पॉलिसीवर ज्याचं नाव त्याचं. म्हणजे बिबवेवाडीत घरी बसलेल्या काकांचं.

काकांनाही धोका होता, हे मला फार उशिरा कळलं. आरसी वेळेत बदललं नसतं तर माझ्या अपघाताची जबाबदारी कागदोपत्री त्यांच्यावर आली असती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी विकून पैसे खिशात घातले म्हणजे सुटलो, असं समजणाऱ्या माझ्या मित्रांनी हे वाक्य परत वाचा. मी घाबरत घाबरत काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘गाडीचं राहू दे बाळा, तुला लागलं नाही ना?’ मग थोडं थांबून, ‘टायमिंग बेल्टचं बघितलंस का?’ मी म्हटलं, ‘काका, या इंजिनला चेन आहे.’ ते म्हणाले, ‘हो हो, बेल्ट माझ्या आधीच्या गाडीला होता.’

गाडी दुरुस्त करून आणल्यावर पहिलं काम केलं ते नव्या पॉलिसीचं. फोनवरून गाडीच्या चारही बाजूंचा व्हिडिओ पाठवून इन्स्पेक्शन झालं. बोनस शून्य. थर्ड पार्टी, ओन डॅमेज, अपघात कव्हर, जीएसटी धरून साडेसहा हजारांच्या आत. प्रिंट काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. नावाचं स्पेलिंग तीनदा तपासलं.

दिवाळीत सांगलीहून आई-बाबा आले. बाबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला एक लाथ घातली (सगळे बाबा हे का करतात?) आणि हात पुढे केला. ‘आण चावी. सिंहगडापर्यंत मी नेतो.’

‘बाबा, लायसन्स दाखवा.’

‘अगं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून चालवतोय मी!’

‘दाखवा तर खरं.’

त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं. मी ते उजेडात धरलं. जूनमध्येच संपलं होतं!

आई आधीच पुढच्या सीटवर बसून पट्टा लावत होती. बाबा मागे बसले आणि खडकवासल्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. धरणाच्या चढावर मात्र त्यांना राहवलं नाही. म्हणाले, ‘सेकंड टाक गं, सेकंड.’